पार्ट टाइमसाठी बायका हव्यात

‘आलोच’ हे नाव ज्या माणसाने आपल्या डिलिव्हरी कंपनीला दिलं, त्याला एक तर मराठी येत नसावं किंवा फारच चांगलं येत असावं. मराठी नवरा फोनवर ‘आलोच’ म्हणतो तेव्हा तो अजून ऑफिसच्या खुर्चीत असतो, हे घराघरातल्या बायकांना ठाऊक आहे. ‘निघालोय’ म्हणाला तर बॅग शोधत असतो. ‘खाली आहे, लिफ्टमध्ये शिरतोय’ म्हणाला, तरच पोळ्यांचा तवा ठेवायचा.

तर या आलोच कंपनीचा मीरा रोडच्या शांती नगरात एक गाळा आहे. एका बाजूला केकवाला, दुसऱ्या बाजूला चष्मेवाला, मध्ये आम्ही. आम्ही म्हणजे पार्सलं, पार्सलांवर झोपणारी मांजर, मॅनेजर जयकुमार आणि मी. मी तिथे पार्ट टाइम सुपरवायझर आहे. सकाळी अनुष्काला, म्हणजे माझ्या लेकीला, प्लेग्रुपला सोडायचं, गाळ्यात यायचं, पार्सलं इमारतीप्रमाणे लावून वाटून द्यायची आणि प्लेग्रुप सुटायच्या वेळेला निघायचं. मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. झालेल्या बाईने खोकी का रचावीत, हा प्रश्न माझ्या सासूबाई, माझे वडील आणि आमच्या मजल्यावरच्या हंसाबेन यांनी आपापल्या भाषांत विचारून झाला आहे. मी त्यांना उत्तर देत नाही, पण इथे देते. गाळ्याच्या शटरपाशी उभं राहिलं की समोरच्या गल्लीत प्लेग्रुपचं फाटक दिसतं.

मी काळजी करणारी बाई नाही. मी फक्त आधी विचार करून ठेवते. द्राक्षं उभी चिरूनच द्यावीत, खिडकीजवळ स्टूल ठेवू नये, फुगा फुटला की त्याचे तुकडे मोजावेत, एवढ्या साध्या गोष्टी आहेत. फाटक दिसणं हीही त्यातलीच एक. एखाद्याला समुद्र दिसणारं ऑफिस आवडतं. मला फाटक दिसणारं आवडतं.

एके दिवशी जयकुमार म्हणाला, “मॅडम, बसा.” जयकुमारने मला बसायला सांगितलं की मी उभीच राहते, कारण गाळ्यात खुर्ची एकच आहे आणि तिच्यावर तो बसलेला असतो.

“बेलापूरहून हेड ऑफिसचा मेल आलाय. पुढच्या महिन्यापासून पार्ट टाइम बंद. सब फुल टाइम. सकाळी दहा ते रात्री आठ.”

“सब म्हणजे डिलिव्हरीची पोरं?”

“सब म्हणजे सब. मैं तो हूँच. आप भी.”

“पण का?”

“पार्ट टाइमवाले येतात कुठे? दुपारची पार्सलं बघा, तशीच पडलीयत. काल फक्त सूरज आला. तो पण हे सांगायला आला की उद्यापासून येणार नाही.”

यात खोटं काही नव्हतं. सकाळची फेरी फुल टाइमवाली पोरं करायची. दुपारची फेरी कॉलेजच्या पार्ट टाइम पोरांकडे होती, आणि त्या पोरांना परीक्षा, परीक्षेनंतरचा थकवा, क्रिकेट आणि जिम यांतून सवड मिळाली तर ती यायची. आली तरी इमारतीच्या गेटवर वॉचमन अडवायचा, वर फोन लावला तर लोक झोपलेले असायचे, आणि पार्सलं परत गाळ्यात यायची. मांजरीला नव्या गाद्या मिळायच्या, एवढाच फायदा.

कौस्तुभला, म्हणजे नवऱ्याला, मी रात्री हे सांगितलं. त्याचं म्हणणं पडलं की टेन्शन न घेता बघू. कौस्तुभ सगळंच टेन्शन न घेता बघतो, कारण तो ते लोअर परळहून बघतो. तरी मी निष्पक्षपणे एक पूर्णवेळ पाळणाघर पाहून आले. तिथल्या बाई प्रेमळ होत्या, भिंतीवर ससे होते, आणि एका खिडकीला जाळी नव्हती. “जाळी सांगितलीय, येईलच,” त्या म्हणाल्या. येईलच आणि आलोच यांतलं नातं मी जाणून आहे.

मी जयकुमारसमोर जाऊन उभी राहिले. “दुपारची फेरी मी भरून दाखवते. पार्ट टाइमवाल्यांनीच भरून दाखवते. मग तर राहील ना पार्ट टाइम?”

“मॅडम, टेन्शन नहीं लेने का,” असं म्हणून त्याने कपाळाचा घाम पुसला. “महिनाअखेर जागृती मॅडम येणार आहेत एचआरच्या, हब बघायला. तोपर्यंत ट्राय करा.”

आमच्या बेव्हर्ली पार्कातल्या ‘नीलपुष्प दर्शन’ सोसायटीचा एक ग्रुप आहे, ‘ओन्ली लेडीज’ नावाचा. त्यात सेक्रेटरी आत्मारामकाकाही आहेत, कारण ग्रुप त्यांनीच काढला. मला वाटलं, माझ्यासारख्याच शिकलेल्या, लेकराबाळांत अडकलेल्या, दुपारी हाताला काम हवं असणाऱ्या कितीतरी जणी या इमारतीत असतील. मी विचार करून, शुद्धलेखन तपासून संदेश टाकला:

‘नमस्कार. पार्ट टाइमसाठी बायका हव्यात. फुल टाइम नकोत. काम हलकं, जागा जवळ, वेळ दुपारची. ओळखीत कुणी असल्यास कळवावे.’

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझी आई वसईला शाळेत शिकवायची. गावात तिला ‘बाई’ म्हणत, आणि बाई समोरून येताना दिसल्या की मोठमोठे बाप्ये सायकलवरून खाली उतरत. त्यामुळे माझ्या डोक्यात बाई म्हणजे एक तर स्त्री, नाही तर शिक्षिका. पण मीरा रोडला मराठी शब्द चार भाषांतून धुऊन निघतो आणि वाळत घालेपर्यंत त्याचा रंग बदललेला असतो. इथे बाई म्हणजे भांडीवाली. पार्ट टाइम बाई म्हणजे येऊन-जाऊन भांडीवाली. आणि फुल टाइम बाई म्हणजे घरातच राहणारी भांडीवाली.

पहिलं उत्तर दोनशे चारमधून आलं: ‘मुझे भी एक चाहिए.’ दुसरं: ‘जैन किचन है, कांदा-लसूणवाली नहीं चलेगी.’ तिसरीने विचारलं, ‘टू बीएचकेमध्ये इतक्या बायका कशाला?’ त्याखाली चौथीने हसण्याची चित्रं टाकली. मी खुलासा टाइप करतेय तोवर दाराची बेल वाजली. हंसाबेन.

“रसिका, तूने एजन्सी चालू किया, सारू किया. मने पण एक जोईए. रोटली पतली बनानी चाहिए, और मोबाइल पे बात नहीं करनी चाहिए.”

“हंसाबेन, वो वाली बाई नहीं. डिलिव्हरी के लिए बाई.”

हंसाबेनने माझ्याकडे नीट पाहिलं. मग खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, “किसकी डिलिव्हरी है? तो जापावाली बोल ना. मेरी बहू के टाइम जो थी, बहोत अच्छी थी.”

घरात कुणी बाळंतीण नाही, हे मी पटवेपर्यंत पुन्हा बेल वाजली. दारात आमच्याकडे भांडी घासणारी शालू उभी होती, आणि तिच्यामागे जिन्यापर्यंत बायका. शालूचा चेहरा मी इतका गंभीर कधी पाहिला नव्हता.

“ताई, माझं काय चुकलं ते तोंडावर सांगा,” ती म्हणाली. “सगळ्या सोसायटीला सांगता बाई पाहिजे, मला सोडून. मागच्या आठवड्यात कढई काळी राहिली, ते मान्य. पण तुम्हीच म्हणालात ना की राहू दे.”

“अगं शालू, तुझं काहीच चुकलं नाही.”

“मग ह्या सगळ्या बोलतात की ताई तुला काढणार. आम्ही विचारायला आलोय.”

मोर्चा माझ्या दारी आला होता, आणि मोर्च्याच्या चपलांवर चपला पडून हंसाबेनची रांगोळी पुसली जात होती. मी सगळ्यांना आत घेतलं, पाणी दिलं आणि समजावून सांगितलं. कंपनी, गाळा, पार्सलं, दुपारची फेरी.

“म्हणजे डबा नेऊन द्यायचा आणि यायचं?” शालू म्हणाली.

“डबा नाही, पार्सल. हो.”

“घासायचं-पुसायचं काही नाही?”

“नाही.”

“मग त्याला काम का म्हणता?”

मागे बसलेली एक जण पुढे सरकली. ही दुर्गा. किनाऱ्याकडच्या डोंगरी गावाहून बसने येऊन आमच्या इमारतीत स्वयंपाक करायची. “दुपारचा टाइम माझा रिकामाच हाय,” ती म्हणाली. “डोंगरीची बस लगेच मिलत न्हाय, नाक्यावर बसूनच रेते मी. मना चालंल.”

तिचं ऐकून बाकीच्याही विचार करू लागल्या. सकाळची घरं संपलेली, संध्याकाळची सुरू व्हायची असतात, मधला वेळ जिन्यात बसून जातो. मी पदवीधर शोधायला निघाले होते. पण समोर बसलेल्या कुणालाही परीक्षा नव्हती, जिम नव्हती, आणि प्रत्येकीकडे या परिसरातल्या निदान चार इमारतींचा गेटपास होता. मी मनात म्हटलं, रसिका, ठरलं.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागली. ‘सदनिका क्रमांक सहाशे दोनमध्ये घरकामगार महिला पुरवठा केंद्र विनापरवाना सुरू असल्याचे समितीच्या निदर्शनास आले आहे. सदनिकाधारकांनी लेखी खुलासा करावा.’ आत्मारामकाका कुठल्याशा सरकारी खात्यातून निवृत्त झालेत. खातं त्यांना विसरलं असेल, ते खात्याला विसरलेले नाहीत. मी त्यांच्याकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, “बेटा, हे अगदी पटलं. पण लेखी खुलासा तोंडी घेता येत नाही.”

लेखी दिला. तेव्हा त्यातून नवीन मुद्दा निघाला. सोसायटीच्या नियमानुसार बाई पास दाखवून थेट वर जाते. कुरिअर मात्र गेटवर थांबतो, वॉचमन वर फोन लावतो, वरून होकार आला तर मागच्या लिफ्टने जातो. आता बाईच्या हातात पार्सल असेल तर ती बाई की कुरिअर? आमचा वॉचमन रामू या प्रश्नाने इतका गांगरला की त्याने शालूला अर्धा तास गेटच्या मधोमध उभं केलं, ना आत ना बाहेर. समितीची बैठक बसली. चहा झाला. मग आत्मारामकाकांनी निर्णय वाचून दाखवला, “पार्सल हातात दिसत असल्यास कुरिअर. पिशवीत असल्यास बाई.”

“आणि काका, पिशवीतून थोडंसं बाहेर आलं असेल तर?” मी विचारलं.

काका विचारात पडले. “तो मुद्दा पुढच्या बैठकीत घेऊ.”

कंपनीच्या केशरी पिशवीवर ‘आलोच’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असल्याने ती पिशवी म्हणून धरली गेली नाही. शेवटी बायकांनी आपापल्या घरातल्या कापडी पिशव्या आणल्या. कुणाची साडीच्या दुकानाची, कुणाची डाळ-तांदळाची, एकीची कुणाच्या तरी बारशाची, ‘चि. प्रीतम’ असं छापलेली. जयकुमारने ती रांग पाहिली आणि भिंतीला टेकला. “मॅडम, ब्रँडिंगचं काय?”

“ब्रँडिंग वर पोचत नव्हतं, जयकुमार. पार्सल पोचेल.”

पहिल्या दुपारी मी अनुष्काला भरवता भरवता फोन हातात धरून बसले. दुर्गा अर्धी पार्सलं घेऊन परत आल्याचा जयकुमारचा फोन आला. मी दुर्गाशी बोलले.

“पलीकडच्या विंगला मी न्हाय जायची. ती घरं शालूची.”

“अगं, आत जायचंच नाही. बेल वाजवून पार्सल द्यायचं.”

“बेल वाजवली का ती बोलते, आत ये. आत गेली का इचारते, तू किती घेतेस. मग शालू बोलंल, दुर्गाने माझं घर फोडलं. न्हाय बाय.”

हे मला नवीन होतं. एकीच्या घराची पायरी दुसरीने चढायची नाही, असा त्यांचा रिवाज. कंपनीचा मोबाइल सगळ्यात जवळचा रस्ता दाखवतो, पण भांडणाचा रस्ता दाखवत नाही. मी दुसऱ्या दिवशी केकच्या खोक्याच्या झाकणावर सगळा भाग पुन्हा आखला. रस्ते, विंगा, मजले बाजूला ठेवले आणि कोण कुणाची भांडी घासतं त्याप्रमाणे पार्सलं लावली. एकाच मजल्यावर तीन दारं आणि तीन वेगळ्या बायका, असंही झालं. तिघी एकाच लिफ्टने एक-एक पार्सल घेऊन वर गेल्या. हे कार्यक्षम नव्हतं. पण शांततामय होतं.

मग शालू उशिरा यायला लागली. “पार्सल द्यायला काय लागतंय ताई, पण त्या म्हणतात, आलीच आहेस तर ओटा पुसून जा.”

“तू नाही म्हणायचंस.”

“रोजच्या घराला नाही कसं म्हणू?”

कंपनीच्या ॲपवर शेरे येऊ लागले. एकाने लिहिलं, ‘डिलिव्हरी अच्छी. ओटा भी साफ किया. पाँच स्टार.’ लगेच त्याच मजल्यावरून दुसरा शेरा आला, ‘बगलवाले का ओटा साफ किया, हमारा नहीं किया. एक स्टार.’ जयकुमारला हेड ऑफिसच्या नियमाप्रमाणे प्रत्येक तक्रारीला उत्तर द्यावं लागतं. त्याने लिहिलं, ‘आपको हुई असुविधा के लिए खेद है. अगली बार ध्यान रखेंगे.’ अगली बार त्या घरातून पार्सल न मागवताच फोन आला, ओट्यासाठी.

यावर मी ठामपणे उपाय केला. ग्रुपवर लिहिलं की पार्सल घेऊन आलेल्या बाईला काम सांगू नये, त्या वेळी ती कंपनीची असते. त्यावर हंसाबेनचा प्रश्न आला, ‘फिर हमारी कब होती है?’ त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून मी फोन उलटा ठेवला.

हंसाबेनचंच पार्सल नंतर माझ्या जिवावर उठलं. त्यांच्या भाचीच्या लग्नाची साडी दुर्गाच्या पिशवीत होती, आणि त्याच पिशवीत दुर्गाने माझ्यासाठी प्रेमाने आणलेले सुके बोंबीलही होते. हंसाबेनने दारातच पार्सल उघडलं. दुर्गा सांगते, त्या नुसत्या मागे मागे जात राहिल्या, गॅलरीपर्यंत. मी ॲपवर तक्रारीचं कारण शोधलं. फाटलेलं, चुकीचं माप, उशीर, रंग वेगळा. बोंबील नव्हतं. शेवटी ती साडी मी घरी आणून गॅलरीत वाऱ्यावर टाकली, खाली कापराच्या वड्या ठेवल्या आणि अनुष्काने त्या गिळू नयेत म्हणून दिवसभर त्यांच्याशेजारी पाट टाकून बसले. साडी परत केली तेव्हा हंसाबेनने लांबूनच नाक लावलं. “अब कपूर का बास आता है. चलेगा. कपूर तो भगवान का होता है.”

आता कुणालाही वाटेल की या सगळ्यातून माझा दुपारचा प्रयोग बुडाला. तसं झालं नाही. गाळ्यात परत येणारी पार्सलं कमी होत गेली, इतकी की मांजर चष्मेवाल्याकडे राहायला गेली. कारण अगदी साधं होतं. मीरा रोडचा माणूस दुपारी कुरिअरसाठी झोपेतून उठत नाही. बाईसाठी उठतो. बाई बेल वाजवून परत गेली तर काय होतं, हे प्रत्येक घराने भोगलेलं आहे.

महिनाअखेर जागृती मॅडम आल्या. कडक इस्त्रीचा कुर्ता, हातात टॅब्लेट, वयाने माझ्याहून लहान. जयकुमारने त्यांना खुर्ची दिली, तेव्हाच प्रसंगाचं गांभीर्य मला कळलं. मांजरही नेमकी त्याच दिवशी परत आली. मॅडमनी आकडे पाहिले, पुन्हा पाहिले. तेवढ्यात सकाळची घरं आटोपून शालू, दुर्गा आणि बाकीच्या जणी पिशव्या घेऊन आल्या. कोण कुणाची भांडी घासते त्याप्रमाणे पार्सलं उचलली गेली.

“रसिका, धिस इज अमेझिंग,” जागृती म्हणाली. “इतकी चांगली टीम आहे तर आपण यांना फुल टाइमच घेऊन टाकू या ना.”

मी पार्ट टाइम वाचवायला निघाले होते आणि इतकं वाचवलं की ते फुल टाइम होऊ घातलं होतं.

शालूने मात्र पिशवी खाली ठेवली आणि पदर खोचला. “फुल टाइम? मग मॅडम, आधी जागा दाखवा.”

“कसली जागा?”

“झोपायची. इथे तर पंखा एकच, तोही जयकुमारभाऊंच्या डोक्यावर.”

“झोपायची?” जागृतीने माझ्याकडे पाहिलं.

“सकाळचा चहा-नाश्ता, दोन वेळचं जेवण तुमचं. साबण, तेल तुमचं. दिवाळीला साडी. मे महिन्यात गावाला जाणार म्हणजे जाणार, तेव्हा फोन नाही करायचा.”

“मना जेवणान मावरं लागतं,” दुर्गाने मासळीचं कलम जोडलं. “रोज न्हाय. पन लागतं.”

जागृती टॅब्लेटवर लिहीत होती ती थांबली. “नाही नाही, ताई, असं नाही. फुल टाइम म्हणजे फक्त सकाळी दहा ते रात्री आठ. मग आपापल्या घरी.”

शालू आणि दुर्गाने एकमेकींकडे पाहिलं. मग शालूने लहान मुलीला समजावतात तसं समजावलं, “घरी जायचं म्हणजे मग पार्ट टाइमच झालं की. जी रात्री आपल्या घरी जाते ती पार्ट टाइम. मॅडम, तुम्ही रात्री कुठे झोपता?”

“घरी. खारघरला.”

“मग तुम्हीपण पार्ट टाइमच.”

जयकुमारच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की तोही स्वतःचा हिशेब लावतोय, आणि उत्तर त्याला आवडलेलं नाही.

जागृती पाणी प्यायली. “ठीक आहे. यांचं राहू देत. पण रसिका, यांना बघायला कुणीतरी फुल टाइम लागेलच. तुम्ही क्वालिफाइड आहात. तुम्ही तर व्हाल ना?”

सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या. मी शटरबाहेर पाहिलं. फाटक होतं जागेवर. बंद होतं, कडी लावलेली होती. महिनाभर लोक मला एजन्सीवाली बाई म्हणत होते आणि प्रत्येक वेळी मी माझी एम.एस्सी. मनातल्या मनात म्हणत होते. त्या क्षणी मात्र मला वाटलं, या शब्दात भलतीच सोय आहे.

“होईन की,” मी म्हटलं. “माझी अट एकच. फुल टाइम बाईचं पोर तिच्याबरोबर राहतं.”

“हो, हो,” शालू म्हणाली. “ते तर असतंच.”

“तीन वर्षांची आहे. दुपारी झोपते, तेव्हा दिवे बंद लागतात आणि ते स्कॅनर वाजता कामा नयेत. बाकी त्रास नाही. फक्त सध्या ती स्टिकर सोलते. परवा अर्धा तास इथे होती, तर बोरिवलीचं पार्सल विरारला गेलं.”

“सच है मॅडम,” जयकुमार म्हणाला. “बिल्ली को भी स्टिकर लगाया था. स्कॅन हो रही थी. सिस्टीममध्ये अजून ‘आउट फॉर डिलिव्हरी’ दाखवतेय.”

जागृतीने खोक्यावर पसरलेल्या मांजरीकडे पाहिलं. मग ती उठून केकवाल्याच्या दारात गेली आणि बेलापूरला बराच वेळ फोनवर बोलत राहिली. मी पार्सलं लावायचं नाटक करत होते. मग ती परत आली.

“हेड ऑफिस म्हणतंय, शांती नगरचं मॉडेल आहे तसंच राहू दे. तुम्हीपण. फक्त सिस्टीममधून पार्ट टाइमची जुनी पदं काढून टाकलीत, नवं नाव टाकावं लागेल. जयकुमार, यांना तुम्ही इथे काय म्हणता?”

जयकुमार सरळ माणूस. म्हणाला, “बाई.”

पुढच्या सोमवारी बेलापूरहून ओळखपत्रं आली. शालूचं, दुर्गाचं, सगळ्यांचं. माझ्या कार्डावर नाव, फोटो आणि खाली ‘पार्ट टाइम बाई’. पुढे कंसात सुपरवायझर लिहायचं होतं, ते जागेअभावी छापलं गेलं नाही. मी दुरुस्तीसाठी फोन केला. तिकडच्या मुलीने नम्रपणे सांगितलं की दुरुस्तीचा अर्ज फक्त फुल टाइम कर्मचारी करू शकतात. शालूने आपलं कार्ड साडीच्या पदरावर नीट बसवलं आणि मला म्हणाली, “ताई, घाला ना. आता एक झालो.” मी घातलं.

तशीच, कंपनीच्या केशरी टी-शर्टात, गळ्यात कार्ड, हातात वाटेत द्यायचं एक पार्सल पिशवीतून जरासं बाहेर आलेलं, मी अनुष्काला घ्यायला फाटकापाशी गेले. फाटकात नवी मदतनीस उभी होती. तिने कार्ड वाचलं.

“मम्मी नहीं आयी?”

“मीच मम्मी आहे.”

“सब यही बोलते हैं.” तिने कडी काढली नाही. “हम बच्ची को बाई के साथ नहीं छोड़ते. पहले मम्मी से बात करनी पड़ेगी.”

मला राग यायला हवा होता. पण खरं सांगते, त्या शाळेबद्दल मला इतकं बरं यापूर्वी कधी वाटलं नव्हतं. तिने आत जाऊन नंबर पाहिला, फाटकातूनच फोन लावला. माझ्या पिशवीत फोन वाजला. मी तो काढून कानाला लावला. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे.

“हां, अनुष्का की मम्मी बोल रही हूँ,” मी म्हटलं. “भेज दीजिए. बाई घर की ही है.”